धुमप्पाला पाणी

माणिक, तुझा फोटो अजून तुझ्याच घरात आहे. बुद्धाच्या तसबिरीखाली, नेहमीच्या खिळ्याला. हे आधी सांगून टाकतो, बाकीचं सावकाश सांगेन.

तू आत्मा मानत नव्हतास. त्यामुळं तू कुठूनतरी ऐकत असशील असं समजायचीही सोय तू मला ठेवली नाहीस. मेल्यावर माणूस कुठं जातो, असं मी एकदा विचारलं होतं. तू म्हणालास, "दिवा इजल्यावर ज्योत कुठं जाती, अण्णा? हुमनाबादला जाती का चिटगुप्प्याला?" मला राग आला होता, कारण माझी आई, माझी अव्वा, नुकतीच गेली होती आणि मला तेव्हा ती कुठंतरी असायला हवी होती. आता मी आडत दुकानात तुरीच्या पोत्यांवर बसून एकटाच तुझ्याशी बोलतोय. हमाल एकमेकांकडं बघतायत. बघू देत.

तू गेल्यावर तुझ्या घरी पुण्यानुमोदनाला माणसं जमली, तेव्हा दवाखान्यातल्या एका साहेबांनी भाषण केलं. जनावरांच्या दवाखान्यातला निष्ठावान कंपाउंडर, मनमिळाऊ स्वभाव, वगैरे. सगळं खरं होतं आणि त्यात तू कुठंच नव्हतास. मला उठून सांगावंसं वाटत होतं की साहेब, हा माणूस ड्रॅगन होता. पण उठलो नाही. नुसता टॉवेल तोंडाला लावून बसलो.

तो ड्रॅगन आपल्याकडं आला चहाच्या डब्यावरून. बिदरला, मैलूरच्या तुझ्या मावशीकडं पत्र्याचा एक जुना डबा होता. त्यावर सोनेरी पंखांचा, लांब मिशांचा, तोंडातून जाळ काढणारा प्राणी. तू तो मागून आणलास आणि माझ्या गादीवर ठेवलास. माझ्या वडिलांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "साप बी न्हाई, सुसर बी न्हाई. मिशा मात्र तहसीलदाराच्या हायत्या." तू इतका हसलास की तुला ठसका लागला. तो ठसका मी पुढं फार वर्षं ऐकणार होतो.

म्हैसूर जाऊन राज्याचं नाव कर्नाटक झालं, त्याच्या आगेमागेचे ते दिवस. पाट्या बदलत होत्या आणि गावात पाणी नव्हतं. सगळ्या विहिरी आटल्या, फक्त गावाबाहेरच्या जुन्या बारवेत तळाशी हिरवट पाणी उरलं होतं. पायऱ्यापायऱ्यांची ती खोल बारव. आमच्या बायका खाली उतरून घागरी भरायच्या. तुमच्या वस्तीतल्या बायका वर काठावर उभ्या राहायच्या, कुणी घागरीत पाणी ओतलं तर घेऊन जायच्या. तुझ्या बापानं धर्म बदलला त्याला तोवर कितीतरी वर्षं झाली होती, पण बारवेला ते कुणी कळवलं नव्हतं. तुझी थोरली बहीण काशी अक्का दिवस दिवस उन्हात उभी असायची. एका संध्याकाळी तू दुकानात आलास, डब्यावरच्या त्या प्राण्याकडं बघत बसलास आणि म्हणालास, "अण्णा, नाटक करायचं. त्याच बावीत."

"दुष्काळाचं?"

"न्हाई. ह्याचं."

मग तू तो देश सांगायला लागलास. एक देश आहे. अख्खा देश म्हणजे एक प्रचंड बारव. माणसं पायऱ्यांवरच जन्मतात, पायऱ्यांवरच म्हातारी होतात. वर काठावर बसलाय धूमासुर, पंखांचा ड्रॅगन. तो कुणाला खात नाही, जाळत नाही. तो फक्त शिकवतो. त्याची शिकवण एवढीच: "मी कुणाला बांधलो न्हाई. मी एवढंच म्हणलो, तुझ्या खाली कुणीतरी हाय. वाकून बग आणि सुखानं ऱ्हा." आणि लोक सुखानं राहतात. तळाच्या पायरीवरची माणसं पाण्याला सगळ्यात जवळ, पण ती पीत नाहीत. ती घागर भरतात आणि वर देतात. हातोहात घागर चढत जाते. काठावर धूमासुर पितो आणि उरलेलं पाणी पायरीपायरीनं खाली येतं. तळाला येईपर्यंत घागर रिकामी.

मी म्हणालो, "हे उलटं कामून केलास? आपल्याकडं तर तुमची माणसं वर उभी ऱ्हातेत आणि पाणी खाली."

"सरळ दाखवलो तर दगडं मारतील. उलटं दाखवलो तर बघत बसतील."

मला ते पटलं. पण मी वाचलेला माणूस, मॅट्रिकपर्यंतच का होईना. मी खोड काढली. "तळाची माणसं वाकून पीत का नाहीत? ओंजळभर पाणी, कोण बघतंय? लोक विचारतील, माणिक." चहा तसाच ठेवून निघून गेलास आणि बरेच दिवस फिरकलाच नाहीस. मला वाटलं, रुसलास.

मग एक दिवस दारात उभा. हाताला दवाखान्याच्या औषधांचा वास. आत यायच्या आधीच म्हणालास, "त्यांच्या बी खाली कुणीतरी हाय, अण्णा."

"तळाच्या खाली कोण?"

"पाण्यात दिसतंय ते. त्यांचंच तोंड. धूमासुर त्यांना सांगतो, बग, तुझ्यावाणीच हाय पण खाली हाय. पाण्याला हात लावू नको, लावलास की ते मोडंल. मग सगळ्यात खालचा तूच."

त्या क्षणी मला तुझा हेवा वाटला आणि तुझी भीतीही वाटली. हे तुला कसं सुचलं, असं मी विचारलं नाही. काशी अक्का काठावर उभी असताना तिनं वाकून खाली बघितलं असेल तेव्हा तिला काय दिसलं असेल, एवढा एकच विचार डोक्यात होता. तो मी तुझ्याजवळ कधी बोललो नाही.

आपलं भांडण झालं ते शेवटावरून. माझा शेवट असा: राजपुत्र चंद्रसेन येतो, तलवारीनं धूमासुराचं मुंडकं उडवतो, सगळे पाणी पितात. तुझा शेवट असा: धूमासुराला कुणी मारतच नाही. तो कंटाळतो. म्हणतो, "मी जातो." आणि निघतो. मग सगळ्या पायऱ्यांवरची माणसं रडत त्याच्या पाया पडतात: "देवा, जाऊ नका! तुम्ही गेलाव तर आमच्या खाली कोण हाय ते आम्हाला कसं कळंल?"

मी म्हणालो, "असं कुणी म्हणत नसतं, माणिक. माणसं एवढी वेडी नसतात."

"बघूया की," तू म्हणालास.

नाटक माझ्या शेवटानंच झालं. जत्रेला आलेल्या लोकांना मारामारी पाहिजे होती, आणि बंडू पैलवानाला तलवार. पोती माझ्या दुकानातली, बांबूच्या कामट्या तू तासलेल्या. डोळे म्हणजे दवाखान्यातल्या तपकिरी बाटल्यांची बुडं, दात नारळाच्या करवंट्यांचे. जबड्यात मडकं, मडक्यात निखारे आणि लोबान, म्हणजे तोंडातून धूर निघेल. आत तू असायचास, तो सगळा धूर तुझ्या छातीत जायचा. मी म्हणायचो, लोबान कमी टाक. तू म्हणायचास, धूर न्हाई तर ड्रॅगन कसला.

नाटक भर दुपारी. दुसरी वेळच नव्हती, कारण बारवेच्या तळाला ऊन तेवढ्याच वेळी पोचायचं. लोक वर काठावर दाटीनं बसलेले, पात्रं पायऱ्यांवर. तळाच्या पायरीवर तू मुद्दाम पाटलाच्या पोराला आणि त्याच्या दोस्तांना उभं केलं होतंस. धूमासुर मराठीत उपदेश करायचा, कन्नडमध्ये हुकूम सोडायचा आणि संतापला की दख्खनीवर यायचा: "क्या रे, कायकू ऊपर देखता? नीचे देख!" लोक हसून लोळायचे. हसता हसता एखादा मध्येच गप्प व्हायचा. मी आडोशाला संवाद सांगत बसलेलो, मला ती तोंडं दिसायची.

पहिल्या वर्षी पैलवानानं मुंडकं उडवलं आणि धूमासुर कोसळला. ठरल्याप्रमाणं तुला पोटातून बाहेर यायचं होतं. तू पोत्याची शिवण फाडून निम्मा बाहेर आलास, तोंड काळंनिळं झालेलं, आणि म्हणालास, "पाणी... पाणी द्या रे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं संवादच आहे. मरताना ड्रॅगन पाणी मागतोय, काय लिहिलंय! तू परत म्हणालास, त्यांनी परत वाजवल्या. मी उठेपर्यंत माझी अव्वा उठली होती. गळ्यात लिंग, डोक्यावरून पदर, हातात तिचा पूजेचा तांब्या. त्या तांब्याला ती आम्हा पोरांनाही शिवू देत नसे. "मरायलंय की लेकरू! टाळ्या काय वाजवायलाव?" असं ओरडत ती गुडघेदुखी विसरून पायऱ्या उतरली आणि तिनं तो तांब्या तुझ्या तोंडाला लावला. काठावरच्या टाळ्या थांबल्या. पाणी तुझ्या घशातून उतरताना ऐकू येत होतं.

घरी गेल्यावर अव्वानं तो तांब्या चिंच लावून घासला. मला वाईट वाटलं आणि मी ते तुला सांगितलं. तू हसलास. "घासू दे की. उतरली ती, ते बग."

त्यानंतर दरवर्षी नाटक संपलं की अव्वा तांब्या घेऊन उतरायची. लोक त्यासाठी थांबायचे. ती गेल्यावर गवळ्याची इरव्वा म्हणाली, आता मी देते पाणी. इथून सगळं फिरलं, आणि एवढ्या साध्या गोष्टीवरून फिरलं की आजही मला हसू येतं आणि रडूही येतं.

त्या वर्षी इरव्वाची म्हैस चारा खात नव्हती, दूध आटलेलं. सकाळी तूच तिला बांबूच्या नळीनं औषध पाजून आला होतास. दुपारी नाटक झालं, इरव्वा तांब्या घेऊन उतरली. तू अजून पोत्यात दोरीला अडकून पडलेला, बाहेर आलाच नव्हतास. तिला समोर दिसलं ते उडवलेलं मुंडकं. तिनं हात जोडले, काहीतरी पुटपुटली आणि तांब्या मुंडक्यावर ओतला. संध्याकाळी म्हैस पान्हावली.

तू तिच्या घरी जाऊन सांगितलंस, "मावशी, मी औषध पाजलो की सकाळी!"

"व्हय बाबा," ती म्हणाली, "तुझ्या हातानं धुमप्पानंच पाजलं."

धूमासुराचा धुमप्पा झाला तो असा. आपण दोघं दुकानात बसून पोट दुखेपर्यंत हसलो. पुढच्या आठवड्यात माझ्या गोदामात, जिथं ते मुंडकं ठेवलं होतं तिथं, कुंकू सापडलं. मग नारळ. मग कुणीतरी बाटलीच्या डोळ्यांभोवती चांदीचा पत्रा लावून गेलं. मल्लप्पा काका, गावातलं जाणतं आणि खरोखर भलं माणूस, बारवेच्या काठावर स्वखर्चानं कट्टा बांधून मोकळे झाले. मुंडकं वाजतगाजत कट्ट्यावर गेलं. नाटक बंद पडलं, कारण देवाचं मुंडकं दरसाल कसं उडवायचं?

त्या पहिल्या पूजेला तू आणि मी शेजारी शेजारी उभे होतो. भर दुपार. धुमप्पाला आंघोळ घालायची होती. आणि माणसं आपापल्या पायरीवर जाऊन उभी राहिली. नाटकात जशी होती तशी. वरच्या पायऱ्यांवर आमची, मग एकेक करत खाली, आणि तळाला तुमची वस्ती. नाटकात तळाला पाटलाचा पोरगा होता; पूजेत त्यांनी ती एक चूक तेवढी दुरुस्त केली होती. तळाला घागर भरली गेली आणि हातोहात वर चढायला लागली.

तू मल्लप्पा काकांचा हात धरलास. "काका, हे काय करायलाव?"

ते चकित झाले. फार आदरानं म्हणाले, "विधी तुम्हीच सांगितलाव की, माणिकराव. आम्हाला काय ठाऊक होतं?"

मी तुझ्याकडं बघू शकलो नाही. तू पायऱ्या उतरून खाली गेलास. घागर भरत होती ती काशी अक्का. तू म्हणालास, "अक्का, चल घरी." तिनं पदरानं घाम पुसला आणि साध्या आवाजात म्हणाली, "असू दे रे. दुष्काळात काठावर उभी होते. आता पाण्याजवळ तरी उभी केल्यात."

तू एकटाच वर आलास. त्या दिवसापासून तू माझ्या दुकानात पहिल्यासारखा हसला नाहीस.

मग आपलं दुसरं भांडण सुरू झालं, ते अगदी परवापर्यंत चाललं. तू म्हणायचास, मुंडकं जाळायचं. मी म्हणायचो, जाळशील, आणि राग निघेल तो तुझ्या वस्तीवर. तुझ्या घरादाराचं काय? सावकाश सांगू लोकांना. "सावकाश म्हणजे कवा, अण्णा? माझी अक्का मेल्यावर?" मी चिडून म्हणायचो, नाटकात ड्रॅगनला मारू नका म्हणणारा तूच, आणि आता काडीपेटी घेऊन निघालास! तू म्हणायचास, "नाटकात तो माझा होता. आता तुमचा झालाय." त्या "तुमचा" मध्ये मी होतो की नाही, हे मी कधी विचारलं नाही. तू तुझ्या बाजूनं बरोबर होतास. मीही माझ्या बाजूनं बरोबरच होतो, कारण तुझ्या पोरांच्या अंगावर कुणी धावून आलेलं मला बघवलं नसतं. दोघंही बरोबर असलो की भांडण संपत नाही. ते आपण चहासारखं रोज उकळत ठेवलं.

छातीचं दुखणं वाढलं. गुलबर्ग्याच्या दवाखान्यात तू खाटेवर बसून असायचास, कारण आडवं झालं की श्वास अडकायचा. मी मोसंबी सोलत होतो. तू म्हणालास, "माझा शेवट एकदा बी केला न्हाई आपण."

"बरा हो. करू."

"मी मेल्यावर माझा बी कट्टा बांधतील बग हे लोक."

मी हसलो. मला वाटलं तू गंमत करतोयस. हसल्यावर तू माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलंस आणि मोसंबीची फोड तोंडात टाकलीस. माझ्याकडं तुझं शेवटचं एवढंच आहे. मी तुला काहीतरी म्हणायला हवं होतं. तुझ्यासारखा माणूस मला परत भेटणार नाही, एवढं तरी. पण आपल्यात असं बोलायची पद्धत नव्हती, आणि मी दुसरं मोसंबं सोलायला घेतलं.

पुण्यानुमोदन झालं, दवाखान्यातले साहेब गेले, आणि मल्लप्पा काका हार घेऊन आत आले. डोळ्यांत खरंच पाणी होतं त्यांच्या. तुझ्या बायकोला, शांता वैनींना, म्हणाले, "वैनी, माणिकरावांचा फोटो द्या. धुमप्पाच्या शेजारी लावू. पहिला भक्त म्हणून उद्या दुपारी पूजा करू. गाव तुमचं उपकार विसरणार न्हाई."

सगळे वैनींकडं बघायला लागले. तुझी पोरं भिंतीला टेकून उभी. नाही म्हणावं तर गाव दुखावणार, हो म्हणावं तर तू जन्मभर ज्याच्याशी भांडलास त्याच्याच शेजारी तुला कायमचा बसवणार. वैनी माझ्याकडं वळल्या. "अण्णा, तुम्ही सांगा. तुमचं ऐकतेत ते."

मी म्हणालो, "उद्या बावीवर सांगतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं गाव बारवेत आपापल्या पायरीवर उभं होतं. तळाला ऊन पोचलं होतं. मी फोटो आणला नव्हता. मी सरळ कट्ट्यावर चढलो, मुंडकं उचललं आणि डोक्यात घातलं. लोकांना वाटलं, माझ्या अंगात आलं. कुणीतरी हलगी वाजवायला लागलं.

आत अंधार होता, माणिक. आणि वास होता. लोबानचा, घामाचा, आणि एवढ्या वर्षांनीही तुझ्या औषधांचा. कपाळाला घासते ती कामटी तू चिंधी गुंडाळून मऊ केली होतीस, ती चिंधी तशीच होती. मी तिथंच हुंदके देऊन रडलो. मुंडक्यामुळं कुणाला दिसलं नाही.

मग मी तुझं वाक्य म्हटलं. आवाज माझा होता, पण ठसका कसा कुणास ठाऊक तुझ्यासारखाच लागला. "मी कुणाला बांधलो न्हाई. मी कंटाळलो. मी जातो. आणि ऐका, माणिक माझा भक्त न्हवता. पोत्याचा आणि कामट्यांचा हाय मी, त्यानंच केला मला. त्याचा फोटो माझ्याजवळ आणायचा न्हाई."

एवढं बोलून मी कट्ट्यावरून उतरलो आणि चालायला लागलो. हलगी थांबली. मल्लप्पा काका धावत आले आणि आडवे पडले. माझे पाय धरले. एवढा म्हातारा माणूस.

"देवा, जाऊ नका! आपण गेलाव तर आमच्या खाली कोण, वर कोण, आम्हाला कसं कळंल?"

तू ते वाक्य माझ्या दुकानात म्हटलं होतंस. मी सोडून दुसऱ्या कुणी ते ऐकलं नव्हतं. असं कुणी म्हणत नसतं, असं मी तुला सांगितलं होतं. तू जिंकलास, माणिक. एवढं वाईट जिंकलेलं मी कुणाला बघितलं नाही.

उन्हानं माझा घसा सुकला होता. आत श्वास घेता येईना. मी म्हणालो, "पाणी. पाणी द्या." लगेच घागरी आल्या. त्यांनी त्या मुंडक्यावर ओतल्या. मी परत म्हणालो, त्यांनी परत ओतल्या. पाणी पोत्यावरून माझ्या पाठीवर, पाठीवरून जमिनीवर. तोंडात एक थेंब नाही. तुला आत कसं वाटत असेल हे मी कधी तुला विचारलं नव्हतं, ते तेव्हा कळलं.

तेवढ्यात खाली पाणी डुचमळल्याचा आवाज आला. बाटलीच्या तपकिरी काचेतून मला नीट दिसत नव्हतं. काशी अक्का तळाच्या पायरीवर वाकली होती. हातात घागर नव्हती, तिचा घरचा तांब्या होता. तो तिनं भरला आणि ती पायऱ्या चढायला लागली. वरच्या पायरीवरल्या माणसानं तांब्या घ्यायला सवयीनं हात पुढं केला. तिनं दिला नाही. त्याच्या वरच्यानं केला. त्यालाही दिला नाही. हात पुढं येत गेले आणि ती बाजूनं चढत राहिली, म्हातारी, दर दोन पायऱ्यांना थांबत. तिला कुणी अडवलं नाही. अडवायचं असतं हे कुणाला सुचलंच नसावं.

वर आली आणि म्हणाली, "डोकं काढा, अण्णा."

मी काढलं. ऊन डोळ्यांवर आलं. तिनं तांब्या माझ्या तोंडापुढं धरला. "प्या. माझ्या भावाला बी अशीच तहान लागायची. टाळ्या वाजवायची सगळी."

मी प्यायलो. तुझ्या वाट्याचं पाणी होतं ते, हे मला आणि तिला दोघांनाही माहीत होतं.

मुंडकं मी शांता वैनींच्या अंगणात नेऊन ठेवलं. त्यांनी ते न्हाणीच्या चुलीत घातलं. वस्तीवर कुणी चालून गेलं नाही, तेवढी माझी भीती खोटी ठरली. पण तू फार खूश होऊ नकोस. तिसऱ्याच दिवशी कट्ट्यावर एक दगड येऊन बसला. कुंकू लावलेला, दोन चांदीचे डोळे चिकटवलेला. मल्लप्पा काका दुपारी लोकांना पायऱ्यांवर उभं करतात.

मी काल जाऊन आलो. वरच्या सगळ्या पायऱ्या भरलेल्या होत्या. तळाची पायरी रिकामी. काशी अक्का जात नाही, आणि ती जात नाही म्हणून वस्तीतलं कुणीच जात नाही. आता तळाला कुणी उतरायचं, यावर तासभर नुसती चर्चा चालली होती. जो तो दुसऱ्याकडं बघत होता. ऊन तळाला आलं आणि निघूनही गेलं, आणि घागर कुणी भरली नाही.

माणिक, दगड कोरडा आहे रे. हे बघायला तू पाहिजे होतास.